माझ्या पोटातला तिसरा सेल

“तीन व्हते म्हणजे तीन! मी माझ्या हाताने ताटलीत ठेवले.”

“दोनच आहेत, आई. दिसत नसेल तर चष्मा लावा.”

“मिठागरावर टोपल्या मोजण्यात जन्म गेला माझा. आता तू मला तीन मोजायला शिकव!”

मी कापडी मैना बोलतेय. पूनम सागर सोसायटीतल्या त्या घरात सासू-सून भांडत होत्या त्या माझ्या पोटातल्या सेलवरून. शर्टाच्या बटणाएवढे चपटे, चकचकीत सेल. सासू पार्वती म्हणे तीन, सून शेवंती म्हणे दोन. मी खिडकीत उताणी पडले होते, पोट उघडं, मुकी. तिसरा कुठे गेला ते त्या घरात मला एकटीलाच ठाऊक होतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, कुणास ठाऊक. आठवतं ते नया नगरच्या दुकानात दोरीला टांगलेलं बालपण. येईल तो माझं पोट दाबून बघे, विकत मात्र घेत नसे. दुकानदार खेकसे, “दबाओ मत यार, सेल खतम हो जाएगा!” तेव्हापासून भीती मागे लागली ती लागलीच. गाणं हेच माझं आयुष्य, आणि गायले की तेच कमी व्हायचं.

शेवंतीच्या थोरलीने, पूर्वीने, हट्ट करून मला घरी आणलं. ती जेवताना दाबे, रुसली की दाबे. माझी चिवचिव ऐकून धाकटा धर्मेश रांगत येई नि टाळ्या पिटे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण हळूहळू माझा गळा घोगरा झाला. चिवचिव ओढल्यासारखी निघू लागली. एकदा तर असा आवाज आला की पूर्वी घाबरून आजीला चिकटली.

“मेली न्हाय ती. सेल बसलेत. उन्हात घालते,” पार्वती म्हणाली.

रेडिओचे सेल बसले तरी ती तेच करी. तापले की थोडे चालत. माझ्या झाकणाचा स्क्रू कधीच हरवला होता. तिने ते नखाने उघडलं आणि सेल ताटलीत घालून गॅलरीत ठेवले. फरशीवर. ऊन तिथवरच येत होतं. धर्मेशही.

मी खिडकीतून पाहिलं. इवलीशी बोटं, ताटलीतली चकाकी, मग तोंड. मी किंचाळायला हवं होतं. सारा जन्म ओरडण्यात गेला, आणि नेमका त्या घटकेला माझा आवाज त्या ताटलीत पडला होता!

आत भांडण पेटलं. पूर्वीचं दप्तर उलटं केलं, गाद्या झटकल्या. समोरच्या हंसाबेन दारातून म्हणाल्या, “अरे, नया ले आओ ना, इसमें झगडा कैसा?” धर्मेश कोपऱ्यात लाळ गाळत बसला होता.

“दात येतायत,” म्हणत शेवंतीने त्याला दूध पाजलं. त्याने ते बाहेर टाकलं. कुणी वळून पाहिलं नाही. माणसं भांडणात जिंकायला बसली की त्यांना घर दिसत नाही.

आज मी कपाटावर असते. पार्वतीने माझ्या पोटाला गोधडीच्या दोऱ्याने टाके घातलेत. आत सेल नाही. खाली धर्मेश ताईला हाका मारतो. त्याचा आवाज कायमचा घोगरा झालाय, माझ्या शेवटच्या दिवसांतल्या आवाजासारखा. तो ऐकला की अजून माझा कापूस आकसतो. आयांनो, आज्यांनो, राग आला तरी ऐका. बसलेला सेल मेलेला नसतो. मला गायला लावायला तो पुरत नाही, पण बाळाचा गळा आतून जाळायला पुरतो. आधी आमचं झाकण बघा, गाणं मग ऐका.

त्या दुपारी शेवटी शेवंतीच थकली. “असतील बाई तीन,” म्हणाली.

पार्वती जिंकली. तिने तोऱ्यात ताटली उचलली, आणि तिची नजर दूध ओकणाऱ्या नातवावर गेली. ताटली तिने खाली आदळली. आतले दोन सेल खुळखुळले. भांडणात कधी कुणाला हार न गेलेली ती बाई म्हणाली, “शेवंती, माझी मोजणी खोटी निघू दे गं, पण पोराला उचल आन् चल!”