बोअरातली तांबडी भुकटी

केळीनं माना टाकल्या तेव्हा मी बोअर घ्यायचं ठरवलं. उजनी धरणाचं पाणी लांब सरलं होतं आणि वाटणीत विहीर धाकट्या भावाकडं, सयाजीकडं गेली होती. माझ्या बोअरनं त्याची विहीर आटेल, असं तो चारचौघांत बोललाही होता. तरी बोअरची गाडी आली त्या सकाळी नारळ, हळदीकुंकू घेऊन तो आपणहून हजर. भुईची पूजा त्यानंच केली.

दुपारपर्यंत काळ्या पाषाणाची राखाडी भुकटी उडत होती. मग एकाएकी ती तांबडी झाली. अगदी कुंकवासारखी.

माझी बायको केराबाई तोंडाला पदर लावून जवळ आली. “भावजींनी पूजा उगंच केली व्हय?”

“एवढं कुंकू कुटनं आणील त्यो?”

“मंतरल्यालं वाढतंय की.”

मी गाडी थांबवली.

सप्ताहात सयाजी आणि मी एकाच ओळीत टाळ घेऊन उभे राहतो. धरणीमाय नांगर सोसते आणि वर धान्य देते, असं बुवा गाऊ लागले की दोघांचेही डोळे भरतात. आज मात्र तो बांधावर दिसला असता तर मी त्याचं तंगडंच मोडलं असतं.

सोलापुरात कॉलेजला असलेली माझी ऋतुजा सुट्टीला आली होती. ती म्हणाली, “अप्पा, आपल्या खाली लाव्हारसाचे थर आहेत, भाकरीवर भाकरी ठेवल्यासारखे. मधली जुनी माती वरच्या थरानं भाजून लाल झाली.”

“हिला काकाचाच पुळका,” केराबाई म्हणाली.

“मग विहिरीत बघा चला.”

विहिरीवर सयाजी मोटर दुरुस्त करत होता. आम्ही तिघांनी आत वाकून बघितलं. वर काळा दगड, खाली काळा दगड, मधून तांबडा पट्टा गोल फिरलेला. पोरपणी पोहताना त्याला घासून आमच्या पाठी लाल व्हायच्या, आई ओरडायची. कसं विसरलो कोण जाणे.

“गाडी का थांबली, दादा?”

“तांबडं लागलं. तुझी वहिनी म्हणती, तूच कायतरी केलंस.”

“आन तू?”

“मलाबी तसंच वाटलं.”

सयाजीनं हात पुसले. “माजी हीर आटंल, ही भीती हाय मला. आजबी हाय. म्हणून तर भुईला नारळ फोडला. दोगांस्नी पुरू दे म्हणलं.”

त्याचा दंड धरून मी त्याला बोअरवर आणलं आणि त्याच्यासमोरच गाडी चालू करायला सांगितली.

केराबाई माझ्या कानाशी लागली. “मग हिरीत ते तांबडं कुणी टाकलं म्हणायचं?”