मला घासलंत, तिथेच चुकलंत

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. मुरडलंत ना नाक? मला सवय आहे. तुमच्या निबंधांत पिंजरा म्हणजे तुरुंगच. पण मी पोपटाच्या राहण्याचा पिंजरा नव्हे. तो मोठा, झोपाळा मिरवत खिडकीपाशी थाटात बसलेला असतो. मी प्रवासाचा. पोपटाला गाडीतून डॉक्टरांकडे सुखरूप न्यावं, एवढ्यासाठीच कारागिराने मला घडवलं. "धक्का बसला तरी पाखराला खरचटणार नाही," असं तो माझ्या तारांवरून हात फिरवत म्हणाला होता. ते माझं पहिलं कौतुक. दुसरं काही नशिबी आलं नाही.

घरी आल्यावर मला काय मिळालं? माळा! माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले, मग फाटक्या चपला. या घरातल्या पोपटाचं नाव मास्तर. करडा, लाल शेपटीचा. दारावरची बेल वाजली की सगळ्यांच्या आधी "कोण आहे?" असं दरडावणारा. वर्षाकाठी कधीतरी मला खाली ओढायचं, मास्तरला टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्यात कोंबायचं आणि सुई टोचून आणायचं. मग मला पाहून तो किंचाळणार नाही तर काय गाणं म्हणणार? वर बाबा म्हणायचे, "हा पिंजरा दिसला की बिथरतो तो." म्हणजे दोष माझा!

एकदा बेल वाजली आणि मास्तर गप्पच राहिला. पिसं फुगवून, डोळे मिटून तो कोपऱ्यात बसला होता. घरातली धाकटी, ठमी, रडकुंडीला आली. डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, "लगेच घेऊन या."

लगेच! आणि आईने काय केलं? मोठ्या पिंजऱ्याच्या तळाचा, मास्तरने घाण केलेला कागद गोळा करून कचऱ्यात टाकला. मग मला मोरीत नेऊन घासायला घेतलं.

"आई, उशीर होतोय गं!"

"होऊ दे. असा कळकट पिंजरा बघून डॉक्टरबाई काय म्हणतील? चारचौघांत लाज जायला नको."

इतकी वर्षं चपलांखाली पडलो होतो, तेव्हा कुठे गेली होती ही लाज? बाहेर पाखरू मान टाकत होतं आणि माझी तार न् तार चकाकत होती. तळाशी कोरा कागद आला. बाबांनी पाण्याची वाटी काठोकाठ भरली, "वाटेत तहान लागेल त्याला."

गाडीत मला मागच्या सीटवर नुसतं ठेवून दिलं. पट्टा शेजारीच लोंबत होता. पहिल्याच वळणावर मी कलंडलो, वाटी उपडी झाली, मास्तर भिजला आणि कागदाचा लगदा झाला.

"पिंजराच डुगडुगतोय मेला," बाबा म्हणाले. संतापाने माझ्या तारा झणझणल्या. ठमीने मात्र मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

डॉक्टरबाईंनी मास्तरला पाहिलं, मग माझा तळ पाहिला. "घरचा कागद कुठाय?"

"फेकला ना," आई म्हणाली. "घाण घेऊन कसं यायचं तुमच्याकडे?"

"अहो, माणूस सांगतो कुठे दुखतंय ते. याचं सगळं दुखणं त्या कागदावर होतं. ते बघूनच मी औषध ठरवणार होते."

"मग आता?"

"आता हा पुन्हा कागदावर करेपर्यंत थांबायचं. तेवढा दम याच्यात उरलाय का, बघू या."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. डॉक्टरबाईंनी माझ्यात कोरडा कागद अंथरला, मला दिव्याच्या उबेत ठेवलं आणि अर्ध्यावर कापड टाकलं. मास्तर माझ्या तारांना टेकून बसला. आजवर त्या तारा चावायलाच तो जवळ यायचा. त्याचं अंग थरथरत होतं. मला वाटलं, शाबासकी नको, कौतुक नको, हा तेवढा माझ्यात मरू नये.

बऱ्याच वेळाने त्याने शेपटी हलवली. कागदावर हिरवट पाण्याचा डाग पडला.

"केलं! अहो, केलं त्याने!" आई केवढ्यांदा ओरडली! कळकटपणाची लाज वाटणारी ती बाई त्या डागाकडे डोळे भरून बघत होती.

औषध मिळालं. परतताना माझ्या कडीतून पट्टा आला. घरी बाबा मला उचलून माळ्याकडे निघाले, तर आई म्हणाली, "अहो, राहू द्या इथेच. दार उघडं ठेवा. रोज आत-बाहेर करेल तो."

मित्रांनो, आमच्यासारख्यांना गरजेपुरतंच माळ्यावरून ओढू नका. पाखराला आधीपासून आमची ओळख होऊ द्या, गाडीत आम्हाला पट्ट्याने बांधा, आणि डॉक्टरांकडे जाताना तो घाणेरडा कागद तेवढा जपून न्या. तुमची लाज त्याच्या जिवापेक्षा मोठी नाही.

परवा बेल वाजली. मोठा पिंजरा रिकामा होता. दुखण्यानंतर पहिल्यांदाच माझ्या पोटातून मास्तरचा खणखणीत आवाज आला, "कोण आहे?"

बेल पुन्हा वाजली, तिसऱ्यांदा वाजली. आई दार उघडायला गेलीच नाही. ती माझ्यासमोर जमिनीवर बसून रडत होती.