डावीकडे ओढणारी सायकल

नख लावताच निळ्या रंगाचा पापुद्रा निघाला. गुंजन अंगणात सायकलीपुढे उकिडवी बसली होती आणि हँडलखालच्या जोडावरून अंगठा फिरवत होती. दोन नळ्या जिथे भेटतात तिथली ती लोखंडी टोपी, लग. तिच्या कडा नक्षीसारख्या कापलेल्या होत्या आणि कडेने सोनेरी रेघ ओढलेली होती. फोटोत ही रेघ पाहूनच ती गोंदियाहून इथवर आली होती. आता मात्र रेघेपेक्षा रंगाचा ताजा वास तिला जास्त जाणवत होता.

"रंग नवा अन् फ्रेम जुनी दिसली का पहिले हात मागे घ्यायचा," असं केशोरावांनी तिला तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. त्यांच्या सायकलीच्या दुकानात ती कॉलेजपासून जात होती. त्यांचं बोलणं तिने हसण्यावारी नेलं आणि एक चकचकीत लाल फ्रेम घेतली. तिसऱ्या आठवड्यात लगमधून नळी सुटून आली. हनुवटीखालचे चार टाके आता फक्त लेकीच्या, रुचिकाच्या, बोटांना सापडत.

"कायले खरडून राहिली?" बाजेवर बसलेले जागेश्वरकाका म्हणाले.

"आतला रंग बघून राहिले, काका."

"आत हिरवा हाये. विचारलं असतं तं सांगितलं असतं."

"हा निळा कधी दिला?"

"दिवाळीले."

"का दिला?"

"लोक घराले देतेत. सायकलले नाही द्याव?"

बोलताना ते तिच्याकडे पाहत नव्हते. ती त्यांच्या डाव्या हाताला बसली होती आणि ते समोरच्या धानाच्या तणसाच्या ढिगाशी बोलत होते. गुंजनने ते मनात नोंदवलं. लाल फ्रेम विकणारा माणूसही असाच दुसरीकडे बघून बोलायचा.

प्रफुल, तिचा नवरा, दोघींना इथे सोडून तिरोड्याला कामावर गेला होता. दोन तासांनी न्यायला येणार होता. तेवढ्या वेळात हो किंवा नाही ठरवायचं होतं. कॉलेजात असताना ती विद्यापीठाच्या संघातून ट्रॅकवर सायकल चालवायची. त्या फिक्स सायकली, त्यांना फ्री नसतो. चाक फिरतंय तोवर पायडल फिरतं, पाय थांबवता येत नाहीत. रुचिका झाल्यापासून गुंजनला तसल्या सायकलीची स्वप्नं पडत. नवी फ्रेम परवडणारी नव्हती. जुनी लगवाली स्टीलची फ्रेम परवडणारी होती, आणि या फ्रेमला मागच्या चाकाची खाच आडवी होती. चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता येईल अशी खाच फिक्सला लागतेच. सगळं हवं तसं होतं, म्हणूनच तिला भरवसा वाटत नव्हता. चालत्या सायकलीत फ्रेम मोडली तर फिक्सवर पाय सोडवून घ्यायलाही वेळ मिळत नाही. आणि आता पडणं तिच्या एकटीचं राहिलं नव्हतं.

सुशिलाबाई चहा घेऊन आल्या. एक कप गुंजनला दिला, दुसरा नवऱ्याच्या डाव्या बाजूला बाजेवर ठेवला.

"लई प्रश्न विचारून राहिली का हे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. मग गुंजनकडे वळल्या. "विचार बाई, विचार. पोळ्याच्या दिवशी डोकं दुखते म्हणून निजले, तवापासून यायचं डोकंच फिरलं. ताटावर बसतेत अन् अर्धं ठेवून उठतेत. म्या म्हणलं, माह्या हातची चव गेली का?"

"गेलीच," काका म्हणाले.

"आयकलं?"

"चाळीस वर्षं आयकून राहिलो मी."

गुंजन हसली नाही. ती सायकलीच्या दुसऱ्या बाजूला गेली. जागेश्वरकाका नहरावर पाटकरी होते, कालव्याचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी सोडायचं ते बघायचे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी रोज सकाळी नहराच्या पाळीने बोदलकशाच्या तलावाकडे चक्कर मारायचे, असं फोनवर त्यांनीच सांगितलं होतं. मग इतकी रोजची सायकल विकायची कशाला? हेही तिने फोनवर विचारलं होतं. "आता पुरे झालं," एवढंच उत्तर आलं होतं.

"पाना आणून देतो, सीट खालीवर करून पाह्य," म्हणत काका उठले आणि डावीकडे वळले.

रुचिका दहा मिनिटांपासून तिथेच बाजेच्या पायाशी डब्याचं झाकण जमिनीवर आपटत होती. काकांची वहाण तिच्या बोटांपासून चार बोटांवर पडली. गुंजनने धावत जाऊन तिला उचललं.

"काका, खाली बघा ना."

"हे कुठून आली?" ते जागीच थबकले. "आत्ता तं नव्हती इथं."

"इथेच होती. केव्हाची आवाज करून राहिली."

रुचिकाकडे त्यांनी मान पूर्ण वळवून पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मग पाना न आणताच परत बाजेवर बसले.

सुशिलाबाईंनी रुचिकाला कडेवर घेतलं. गुंजनने स्वतःला सांगितलं, माणूस कसा आहे ते बघायला आपण आलेलो नाही. फ्रेम बघू. तिने डाव्या मुठीवरून हात फिरवला. रबर टोकाला फाटलेलं होतं, उजवं मात्र चांगलं. डावं पायडल बाहेरच्या बाजूने घासून चपटं झालेलं, उजव्यावर ओरखडा नाही. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या डाव्या पायाला नव्या रंगाखाली दोन पोचे लागले. मागच्या डाव्या नळीला एक. उजवीकडे काहीच नाही.

"ही कितीदा पडली, काका?"

"सायकल म्हणलं का पडते."

"पडते ना. पण दोन्हीकडे पडते. ही एकाच बाजूला पडली."

काकांनी गुडघ्यावर तळवे घासले. "तुले घ्याची नसन तं तसं सांग."

"मी धागा लावून बघते."

"कायले धागा-बिगा? जुना माल हाये, भाव तसाच सांगितला."

त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि गुंजनला वाटलं, सापडलं. तिने पर्समधून सुताची गुंडी आणि लेकीच्या मापाला ठेवलेली शिवणाची टेप काढली. मागच्या आसाच्या एका टोकाला धागा बांधला, हँडलखालच्या नळीला वळसा घालून परत मागे आणला आणि दुसऱ्या टोकाला ताणून बांधला. आता सीटखालची नळी दोन्ही धाग्यांच्या मधे उभी होती. दोन्हीकडचं अंतर सारखं, तर फ्रेम सरळ. कमीजास्त, तर वाकडी. यात रंगाचं काही चालत नाही.

ती टेप लावायला वाकली तेव्हा काका म्हणाले, "सोड, माय. नको घेऊ हे सायकल."

ती तशीच थांबली.

"वाकडी हाये. डावीकडे ओढते. मी म्हणलं, रंग देऊन इकून टाकू. कोणीतरी जुन्याचा शौकीन येईन अन् घेऊन जाईन." त्यांनी रुचिकाच्या दिशेने हनुवटी हलवली. "लेकरूवाली येईन असं नाही वाटलं."

"केव्हापासून ओढते?"

"पोळ्यानंतर. पहिल्यांदा नहराच्या पुलाच्या कठड्याले लागली. मंग रस्त्यावर धान वाळू घातलं होतं, त्याच्या कडेच्या गोट्यायवर गेली. अन् त्या दिवशी मनिरामची माय भारा घेऊन चालली होती, तिले धडकवलं."

"त्यांना लागलं?"

"कोपर फुटलं. म्हातारी शिव्या देत होती, अन् मी म्हणलं, तू आली कुठून?" ते खाली बघत हसल्यासारखं करून थांबले. "मी सरळच चालवून राहिलो होतो. पन्नास वर्षं चालवली. हेच ओढते."

सुशिलाबाई चुलीकडे जाता जाता थांबल्या. हे त्यांनाही नवीन असावं.

गुंजनने टेप लावली. डावीकडे एकतीस मिलिमीटर. उजवीकडे एकतीस. तिने धागा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा मोजलं. एकतीस, एकतीस.

"काय म्हणते धागा?"

"थांबा. चालवून बघते."

तिने धागा तोडला आणि सायकल रस्त्यावर काढली. शाळेपर्यंतचा रस्ता सरळ होता. थोडा वेग आल्यावर तिने हात सोडले, मांडीवर ठेवले. काही सायकली हात सोडले की लगेच मान टाकतात. ही सरळ जात राहिली, डाव्या कडेला वाळत घातलेलं धान आणि त्याभोवतीचे दगड मागे पडत गेले. परत येताना तिने पुन्हा हात सोडले. धुळीतली तिची जातानाची रेघ दोरीसारखी सरळ होती.

अंगणात काका तसेच बसले होते. "ओ," ते सुशिलाबाईंना म्हणत होते, "पाहुणीले चहा देल्ला, मले नाही देत का आज?"

कप त्यांच्या डाव्या मांडीशेजारी होता. चहावर साय धरली होती.

गुंजनने सायकल भिंतीला टेकवली. ती त्यांच्या डाव्या बाजूने, पाय न वाजवता जवळ गेली आणि त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर तळहात उघडून हलवला. पापणी लवली नाही. तिने हात हळूहळू पुढे नेला. नाकाच्या रेषेशी येताच ते दचकले.

"आली का? मले वाटलं अजून रस्त्यावरच हायेस."

सुशिलाबाई कपाकडे आणि मग तिच्या हाताकडे पाहत होत्या.

"आता सांग," काका म्हणाले. "खरं सांग, मले राग नाही येत. सरळ निघाली असन तं मी ठेवूनच घेतो. सकाळी नहरावर गेल्याशिवाय मले घास उतरत नाही. आठ दिवस झाले, घरीच बसून हावो."

गुंजनच्या हातात टेप होती. ती तिने बोटाला गुंडाळली, सोडवली.

"वाकडी आहे, काका."

"वाकडी ना?"

"डावीकडे. बरीच."

त्यांनी इतका लांब श्वास सोडला की तिला खाली बघावं लागलं. "म्या म्हणलं नव्हतं?" ते बायकोला म्हणाले. "तू म्हणे, म्हातारे झाले." मग एकदम गुंजनकडे मान वळवून, "मंग तू कायले घेतेस?"

"केशोरावांकडे सरळ करायचं यंत्र आहे."

केशोरावांकडे असलं कोणतंही यंत्र नव्हतं. सांगितला तेवढा भाव तिने दिला. काकांनी त्यातले दोनशे जबरदस्तीने रुचिकाच्या मुठीत कोंबले, वाकड्या मालाचे म्हणून.

प्रफुल सायकल गाडीवर बांधत असताना तिने सुशिलाबाईंना फाटकाबाहेर नेलं.

"काकू, दोष सायकलचा नाही. त्यांना डाव्या बाजूचं दिसत नाही."

"कालपरवा शिबिरात पाहिले ना डोळे. चष्माही नाही लागला."

"समोरचं दिसतं. बाजूचं नाही. म्हणून ताटातलं अर्धं तसंच राहतं. ताट फिरवून द्या, बघा खातात की नाही. ते पोळ्याचं डोकं दुखणं साधं नसेल. गोंदियाला मोठ्या दवाखान्यात दाखवा, उशीर करू नका."

सुशिलाबाईंनी पदर तोंडावर धरला. "म्या त्यायले दोन महिने बोलून राहिली," त्या म्हणाल्या. "पोराले फोन करतो. पुण्याले हाये तो."

फ्रेम तयार व्हायला तीन आठवडे लागले. केशोरावांनी लग तपासले, फ्री काढून टाकला, चेन ताणली आणि फक्त एवढंच म्हणाले की अशी सरळ फ्रेम त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. गुंजन पहाटे नागऱ्याच्या मंदिरापर्यंत जाऊन येऊ लागली. रस्त्याच्या डाव्या कडेला काहीही दिसलं की तिचे पाय आपोआप पायडल मागे रेटायचे.

सुशिलाबाईंना तिने तीनदा फोन केला. पहिल्या वेळी पोरगा रविवारी येणार होता. दुसऱ्या वेळी त्याला सुट्टी मिळाली नव्हती. तिसऱ्या वेळी फोन काकांनी उचलला.

"तुही काकू बांधीत गेली," ते खुशीत म्हणाले. "बोल. सरळ झाली का माही सायकल?"

"झाली, काका. दवाखान्यात गेलात?"

"कायले? ताट आता पुरं खातो, काकू म्हणते बरे झाले. अन् आयक, तिरोड्यात एक नवी सायकल पाहून ठेवली. पोरगा पैसे पाठवतो म्हणते. त्यालेही सांगितलं, गोंदियाच्या बाईनं धागा लावून पाहिलं, दोष सायकलचाच होता."

"काका, मी त्या दिवशी खोटं बोलले. सायकल सरळ होती."

काका मोठ्याने हसले. "आता माही वापस मागीन म्हणून भेली का? नाही मागत. ठेव तुले."

मग त्यांनी फोन ठेवला आणि नंतर तो पुन्हा लागलाच नाही. प्रफुल आठवडाभर बाहेरगावी होता, रुचिकाला ताप होता. त्या शनिवारी सकाळी तिला मांडीवर घेऊन गुंजनने सायकलवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं. दोनदा खोडलं. मग लिहिलं तसंच पाठवलं:

"उद्या बोदलकशाला जाणाऱ्या सगळ्यांना विनंती. नहराच्या पुलाअलीकडे, शाळेजवळ जागेश्वरकाकांचं घर आहे, कोणालाही विचारा. जाताना तिथे थांबा. त्यांच्या उजव्या बाजूला उभं राहून हाक मारा, डावीकडून त्यांना तुम्ही दिसणार नाही. माझी सायकल त्यांच्याकडून घेतली आहे आणि तिच्यात काहीही दोष नव्हता, हे त्यांना दाखवून द्या. माझं ते ऐकत नाहीत. अंगणात नवी सायकल उभी दिसली तर मला लगेच फोन करा. सायकल नसेल आणि काकाही घरी नसतील, तर कृपया पुलापर्यंत जाऊन बघा."