गाऱ्हाणं कोण घालणार?

आमचे हे देव मानत नाहीत. नुसतं मानत नाहीत तर ठीक होतं, पण मानणारा दिसला की ह्यांची जीभ शिवशिवते. लालबागच्या आमच्या चाळीत सत्यनारायण असला की दोनदा प्रसाद मागून घेतात आणि भटजींनाच विचारतात, "गलबत खरंच बुडालं होतं का हो?" लोक हसतात. मीही हसते. पण लग्न झाल्यापासून मला एक कुतूहल होतं. भीती वाटली की आपण देवाला हाक मारतो, मग हे काय करत असतील?

ते छप्पन सालच्या जानेवारीत कळलं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं आणि शहर पेटलं. गोळीबार, संचारबंदी. धाकटे भाऊजी, गुणाजी, मोर्चाला गेले ते सकाळ झाली तरी परतले नाहीत.

सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवला. आमच्यात देवाला गाऱ्हाणं, म्हणजे घरच्यांसाठी मागणं, पुरुषाने घालायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सासरे गेल्यापासून ते काम भाऊजींचं. आता त्यांच्यासाठीच घालायचं तर घालणार कोण?

"शरद, तू घाल," सासूबाई म्हणाल्या.

"कुणाला? भिंतीला?" हे हसले. "आई, तुझा रवळनाथ कोकणात. त्याला लालबागचा पत्ता तरी ठाऊक आहे का?"

मला असा संताप आला! पण ह्यांच्या कपातला चहा बशीत सांडत होता, तेही दिसलं. म्हणजे भीती वाटली की हे हसतात तर.

सासूबाई पदर खोचून स्वतःच उभ्या राहिल्या. "बा देवा रवळनाथा, माजो गुणाजी खंय आसा ता तुका म्हायत आसा. तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. माझा आवाज एकटाच वाटला.

हे उठले. "थांब आई, मी घालतो. काय म्हणायचं ते सांग."

"नको. तुजो इस्वास नाय. देवाकडे लबाडी नको."

"मग मी करू तरी काय?"

"मी एकाक तरी इचारलंय. तू कोणाक इचारलंस?"

संचारबंदी सकाळीच सैल झाली होती, खाली माणसांची ये-जा सुरू होती. हे मात्र जिन्यापर्यंतही गेले नव्हते. आता चपला घालून निघाले.

भाऊजींच्या एकेका दोस्ताचं दार ठोठावत हे वरळीला पोचले. तिथे बीडीडी चाळीत, शिवा नावाच्या दोस्ताच्या खोलीत भाऊजी सापडले. धावपळीत पाय मुरगळून सुजला होता. संध्याकाळी खांद्याचा आधार देत ह्यांनी त्यांना घरी आणलं.

सासूबाईंनी नारळ फोडला. पहिला तुकडा ह्यांच्या हातावर ठेवला.

"आई, मी एकटाच परत आलो असतो तर?" ह्यांनी अगदी मनापासून विचारलं.

"मगे काय? मी परत इचारतलंय, तू परत जातलंस."

ह्या वेळी हे हसले नाहीत. खोबरं तोंडात टाकलं आणि भावाच्या पायाला तेल चोळायला बसले.