साथीला गिटार

जर्मनीत बोब्लिंगेनला मुलाच्या, देवदत्तच्या घरी उतरून श्रीरंगबुवांना तीन आठवडे झाले होते. आखनला लेकीकडे जायचा विषय निघाला की ते एकच म्हणत, "कीर्तन होऊ दे, मग बघू." शिवांगी आखनला पीएचडी करत होती आणि टोबियासबरोबर राहत होती. लग्न केलेलं नव्हतं. बुवा त्यावर तिला एक शब्द बोलले नव्हते, फक्त तिच्या घरी जायचं टाळत होते. रागावले असते तर बरं, असं तिला वाटे.

तिथल्या मराठी मंडळात बुवांचं कीर्तन रविवारी होतं. शुक्रवारी पेटीवाले सिद्धेश तापाने आडवे झाले आणि दुसरा पेटीवाला काही मिळेना. तेव्हा शिवांगीच फोनवर म्हणाली, "मी करते की साथ. गिटारवर."

"विजेच्या?"

"तुमच्या मोबाइलमधल्या तंबोऱ्यालाही वीजच लागते, बाबा."

बुवा मोठ्यांदा हसले. शनिवारी सकाळी ती गिटार घेऊन हजर झाली.

जेवणं झाल्यावर तिने गिटार सतरंजीवर आडवी घेतली आणि बारीक पेचकस काढला.

"अगं, मोडतेस की काय?"

"खाली घेतेय." तारांखालच्या काळ्या पट्ट्या तिने दाखवल्या. "हे पिकअप. आत लोहचुंबक असतात. तार हलली की हे ऐकतात आणि स्पीकरला सांगतात. बँडमध्ये वर ठेवते, दणका येतो. उद्या तुमचा शब्द न् शब्द ऐकू यायला हवा."

"आणि फारच वर घेतले तर?"

"ऐका." तिने जाड तारेच्या बाजूचा स्क्रू फिरवून पिकअप तारेला जवळजवळ टेकवला आणि वरच्या पडद्यात तार छेडली. सूर डुचमळला, एकातच दोन सूर भांडल्यासारखे. बुवांनी तोंड वाकडं केलं.

"तार उतरलीय."

"नाही हो. ट्यूनर बघा, बरोबर लागलीय. चुंबक जवळ आला की ओढतो, मोकळं हलू देत नाही. तारेचा दोष नाही."

"असं होय!" बुवा सरकून जवळ बसले.

मग शेवटच्या पडद्यावर तार दाबायची, फटीत पट्टी धरायची, अडीच मिलिमीटर, पाऊण फेरा खाली, पुन्हा छेडायची. बुवांनी काळी दोनचा षड्ज लावला. "अजून जरा खाली. आणखी थोडी. हां! आता माझ्या मागून चालतेय." शिवांगीची आई, मालिनीताई चहा घेऊन आल्या आणि बापलेकीला असं डोक्याला डोकं लावून बसलेलं बघून कप ठेवून गेल्या.

रविवारी चर्चच्या सभागृहात दीडशे माणसं होती. बुवा पगडी-उपरण्यात उभे, डावीकडे तबला, उजवीकडे शिवांगी. नमन झालं. गिटार इतकी बेताची वाजत होती की थोड्या वेळाने कुणाच्या ध्यानातही राहिली नाही. अशी साथ मिळाली की बुवा खुलतात. पूर्वरंगाला मायेचं निरूपण होतं आणि बुवांचा हातखंडा दृष्टांतात. समोर जे असेल ते उचलायचं.

"मंडळी, काल आमच्या कन्येने मला एक गोष्ट शिकवली!"

शिवांगीने मान वर केली. तिला हसू आवरेना.

"या तारेखाली चुंबक आहे. लांब आहे तोवर तार गोड बोलते. जवळ आला की ओढतो, आणि तार आपला सूर विसरते. यंत्राला विचारा, यंत्र म्हणेल, ठीक आहे! पण ज्या बापाने ती लावली त्याच्या कानाला कळतं." बुवा थांबले. आवाज खाली आला. "आम्हीही एक तार लावली होती हो. निगुतीने लावली होती. इतक्या दूर पाठवली. इथला चुंबक जवळ आला, किती जवळ? एका छपराखाली! अक्षता नाहीत, मंगळसूत्र नाही. आता पेच कुणी फिरवायचा, सांगा."

कुणीतरी "अरेरे" म्हणालं. दुसऱ्या रांगेतून देवदत्तच्या सात वर्षांच्या अन्वीने खणखणीत विचारलं, "पापा, माइन्ट एर आत्या?" म्हणजे, आजोबा आत्याबद्दलच बोलतायत का? देवदत्तने तिच्या तोंडावर हात ठेवला, तोवर सगळ्या माना उजवीकडे वळल्या होत्या.

बुवांनी गजर उचलला. शिवांगीने सूर दिला. कीर्तनात साथ तोडायची नसते. मध्यंतरात मंडळाचे अध्यक्ष जयंतरावांनी बुवांना हार घातला, मग साथीदारांना बुक्का लावला. तिच्या कपाळावर लावताना ते तबल्याकडे बघत होते. पुढे तासभर आख्यान झालं. करुण प्रसंगाला बुवा अगदी हलक्या आवाजात बोलले, तेव्हाही तिने त्यांचा एकही शब्द झाकला नाही.

आरती झाल्यावर बुवा घाम पुसत आले. "दृष्टांत कसा बसला? आयत्या वेळी सुचला बघ, काल तू दाखवलंस म्हणून."

"लोकांना कळला, बाबा."

"कळणारच! चार बायका डोळे पुसत होत्या."

"मला विचारलं असतं तर?"

"अगं, माझं दुःख मी देवापुढे नाही मांडायचं तर कुठे? मोकळा झालो. आता मनात किल्मिष नाही." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "परवा येतो तुझ्याकडे. त्या टोबियासलाही बघतो. काढ तिकिटं."

मालिनीताईंनी पदर डोळ्यांना लावला. "तीन आठवडे वाट बघत होती हो पोर."

शिवांगी वायर गुंडाळत होती.

"परवा नको, बाबा."

"मग बुधवारी."

"बुधवारीही नको."

"अगं, मग कधी?"

तिने वायर पिशवीत टाकली आणि आईला म्हणाली, "आई, माझी गाडी सहाची आहे. निघते मी."