आडवं माप

कर्जत तालुक्यातल्या त्या रस्त्याकडेला अकरा हजार व्होल्टची केबल पुरलेली होती, आणि तिला लागूनच पाण्याच्या पाइपलाइनसाठी चारी खणायची होती. जेसीबीच्या केबिनमध्ये एक टॅबलेट बसवला होता. त्याच्या पडद्यावर समोरचा रस्ता दिसे आणि त्यावर केबलची लाल रेघ उमटे, जणू जमीन काचेची आहे. पडद्यावरची रेघ खऱ्या केबलपासून किती हटते हे मोजायला पुण्याच्या कंपनीने सत्यशीला दहिफळेला पाठवलं होतं.

तिची पद्धत साधी होती. केबलच्या माथ्यावर खुंट्या ठोकलेल्या होत्या. पडद्यात बघत खुंटीपासून रेघेपर्यंत ती टेप रस्त्याला आडवा धरायची. चारी केबलला समांतर होती. रेघ बाजूला सरकली तरच धोका, म्हणून बाजूचंच माप घ्यायचं. फरक कधी वितीपलीकडे गेला नाही. तिच्या शब्दावर मग हाताने खड्डे घेऊन केबल चाचपायचं काम बंद झालं होतं.

ते काम मजूर कल्याणचं होतं.

"ताई, तुमच्यामुळं माझी पहार गंजली," जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला.

"गंजू दे. कंबर तरी वाचेल."

"कंबरंचं काय न्हाई. बायको म्हनती, नुसतं हुबं ऱ्हायचा पगार घेता."

"हुबं ऱ्हायला बी अक्कल लागती," केबिनमधून आसाराम म्हणाला. जेसीबी तो चालवायचा. "ती ह्याला कुठली?"

गावची यात्रा जवळ आली होती. ग्रामपंचायतीने रस्त्याकडेच्या साऱ्या कडुनिंबांना गेरू-चुन्याचे पट्टे मारले होते, खोडांवरचे क्लासचे, दवाखान्याचे बोर्डही उपटून टाकले होते. सत्यशीलाने ते पाहिलं होतं. टॅबलेटचा कॅमेरा याच झाडांवरून आपली जागा ओळखतो, म्हणून रंग लागल्यावर तिने सगळ्या खुंट्या पुन्हा मोजल्या होत्या. फरक तेवढाच आला.

जेवणानंतर उन्हाने तापलेला टॅबलेट बंद पडला. चालू केल्यावर तिने जवळच्या खुंटीवर टेप धरला. चार सेंटीमीटर.

"चालू द्या," ती म्हणाली.

पुढे, खुंट्या संपत होत्या तिथे, एका झाडाशी केबल वस्तीकडे वळत होती आणि चारीच्या वाटेत आडवी येत होती. तिथे मशीन थांबवायचं ठरलेलं. पडद्यावर ते वळण अजून एक झाड पुढे दिसत होतं, तेव्हा बकेट कशाला तरी अडली. आसारामने ती वर उचलली.

"धोंडा आसल," कल्याण चारीत उतरला. पहार हातात घेऊन त्याने वर पाहिलं. "ताई, केबल पुढंच हाय ना?"

सत्यशीलाने पडद्याकडे पाहिलं. लाल रेघ स्वच्छ होती.

"पुढे आहे."

त्याने पहार हाणली.

आवाज बंदुकीसारखा झाला. वस्तीवरची वीज गेली. आसाराम केबिनमधून उडी मारायला निघाला तेव्हा तीच ओरडली, उतरू नका म्हणून. कल्याणकडे मात्र कोणालाच जाता आलं नाही. लाइन बंद केल्याचा निरोप येईपर्यंत चारीच्या काठावर माणसं नुसती उभी होती.

त्याला नेल्यावर तिने टेप काढला. पहार पडली होती तिथून पडद्यावरच्या वळणापर्यंत तो रस्त्याच्या दिशेने उभा धरला. असा तो आजवर कधीच धरला नव्हता. नऊ मीटर. दोन कडुनिंबांमधलं अंतर मोजलं. तेही नऊ मीटर. सारखे पट्टे, सारखी खोडं. टॅबलेट पुन्हा चालू होताना एका झाडाला दुसरं समजला होता. रस्ता सरळ असल्याने रेघ सबंध पुढे सरकूनही खुंट्यांवरूनच जात राहिली.

पुण्याहून कंपनीतल्या अमृत सरांचा फोन आला.

"चूक किती आली?"

"नऊ मीटर."

"बाजूला?"

"पुढे."

"बाजूला किती, ते सांगा. आपली मर्यादा बाजूच्या मापाची आहे."

"चार सेंटीमीटर."

"म्हणजे मर्यादेत आहे," ते सावकाश म्हणाले. "जबाबात तेवढंच सांगा. आपल्या दोघांच्याही हिताचं आहे."

सत्यशीलाने फोन ठेवला. पोलिसांची गाडी झाडांपाशी थांबली होती. हवालदार उतरून आसारामला विचारत होता, मशीन कोणाच्या सांगण्यावरून चालत होतं.

ती टेप गुंडाळत त्यांच्याकडे गेली.

"माझ्या," ती म्हणाली. "आणि केबल पुढे आहे, हेही मीच सांगितलं."