तार म्हणे नाही, पाणी म्हणे आहे

मित्रांनो, मी एक जुना बॉयलर आहे. ज्या घराला मी बावीस हिवाळे ऊब दिली, त्या घराच्या आत मी एकदाही गेलेलो नाही. सोत्गोल गावाच्या टेकडीवर, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला टेकलेले एक पत्र्याचे खोपट आहे. त्यात मी उभा असतो. माझ्या उदरात तेलावर अग्नी पेटतो, त्या अग्नीवर पाणी तापते, आणि ते पाणी जमिनीखालच्या नळ्यांमधून घरभर फिरून पुन्हा माझ्याकडे परत येते. घराविषयी मला जे ठाऊक आहे, ते या परत येणाऱ्या पाण्याने सांगितलेले आणि पातळ भिंतीतून ऐकू आलेले.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. पोलादाचे पत्रे वाकवून, सांधून माझी काया घडवली गेली. शेवटी एका प्रौढ बाईंनी माझ्या दारावर टिचकी मारली, नाद ऐकला आणि समाधानाने मान डोलावली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी होय.

दोशिक नावाच्या तरुणाला इन्छॉन शहरात नोकरी लागली, त्या वर्षी त्याने मला आईवडिलांकडे धाडले. तोवर त्या घरात कोळशाच्या वड्या जळत. त्याची आई ओकबुन रोज पहाटे कुडकुडत उठून वडी बदलत असे. तिचा नवरा छिलसोंग मात्र मला पाहून मुळीच संतुष्ट झाला नाही.

"हे लोखंडी डुक्कर खाणार किती?" माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घालून त्याने विचारले.

"तुमच्यापेक्षा कमीच खाईल," ओकबुन म्हणाली, "आणि खाल्ल्यावर काम तरी करील!"

नव्याची नवलाई ओसरली, तरी माझा मान कमी झाला नाही. शेजारपाजारच्या बायका बटाटे सोलायला मुद्दाम ओकबुनच्या घरी येत आणि जमिनीवर पाय पसरून सुस्कारे सोडीत. छिलसोंगला रानातून यायला उशीर झाला, की ओकबुन त्याच्या भाताचा झाकलेला वाडगा खोलीतल्या सर्वांत ऊबदार जागी, गोधडीखाली ठेवत असे. तो वाडगा गार होऊ न देणे हे मी माझे कर्तव्य मानले होते. ते पार पडले, की भिंतीपलीकडून ऐकू येई, "अजून वाफ आहे हं याला!" तेवढ्याने मी धन्य होत असे.

छिलसोंगची आणि माझी मैत्री सावकाश जमली, आणि सावकाश जमलेली मैत्री टिकाऊ असते. दरवर्षी दवाचे हिम होण्यापूर्वी तो एक दिवस माझ्यासाठी राखून ठेवीत असे. खोपटात दिवसाही अंधार असल्याने ओकबुन बॅटरी धरून उभी राही.

"बॅटरी सरळ धर. माझ्या तोंडावर काय पाडतेस? मी नवरदेव आहे का?"

"होतात ना, चाळीस वर्षांपूर्वी! तेव्हा उजेड पाडला असता, तर नीट पाहून तरी घेतलं असतं."

तो हसे आणि कामाला लागे. प्रथम वीज बंद. मग धुराड्याचा प्रत्येक सांधा तो डोळे बारीक करून पाही, कारण सांध्यातून गळणारा विषारी वायू न दिसता, वास न येता माणसाचा जीव घेतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. मग तेलाच्या टाकीच्या तळाशी साचलेले पाणी तो काढून टाकी. पाणी जड असल्यामुळे तेलाखाली बसते आणि एक दिवस तेलाच्या वाटेने येऊन ज्योत विझवते. मग उन्हाळाभर निजलेल्या पंपाचा दांडा तो पेचकसाने हलकेच फिरवून जागा करी. सर्वांत शेवटी तो माझा डोळा काढी. होय मित्रांनो, मला एक डोळा आहे, बोराएवढा, काचेचा. ज्योत पेटली की नाही, हे तो पाहतो. त्याला ज्योत दिसली नाही, तर मी तेलाचा पुरवठा थांबवतो.

"बरोबर आहे त्याचं," छिलसोंग मऊ फडक्याने काजळी पुसत म्हणे. "आंधळ्याने आगीशी खेळू नये."

एका शरद ऋतूत तो आला नाही. मी वाट पाहिली. दव गोठले, ओढ्याच्या कडा पांढऱ्या झाल्या, स्वयंपाकघरात पुष्कळ माणसे जमली, हळू आवाजात बोलली आणि निघून गेली. त्याचे हातमोजे माझ्याशेजारच्या खिळ्याला लटकत राहिले. त्या दिवसापासून ओकबुनने खोपटाचे दार उघडले नाही. तेलवाला येई, तो बाहेरच्या टाकीत तेल ओतून परत जाई.

आता माझ्या एकटेपणाची कथा सांगतो. घरातल्या भिंतीवर माझी एक पेटी आहे. तिच्यावर 'बाहेर' असे लिहिलेली एक कळ आहे. घरातले सगळे परगावी गेले, की ती दाबायची. मग मी फक्त नळ्या गोठू नयेत एवढ्यापुरता जागतो. नवऱ्याचे दिवस झाल्यावर ओकबुनने ती कळ दाबली आणि ती बाहेर कोठेच गेली नाही.

प्रारंभी मला हे उमगले नाही. त्या पेटीतून येणारी तार मला सांगे, घरात कोणी नाही. आज्ञाधारकपणे मी डोळा मिटून पडे. पण हिमाच्या भयाने मधूनमधून पंप फिरे आणि पाणी घरभर हिंडून येई, तेव्हा मोठ्या खोलीच्या नळीतले पाणी किंचित कोमट असे. तेथे एका कोपऱ्यात विजेची लहानशी चटई अंथरलेली होती आणि त्या चटईएवढ्याच जगात एक म्हातारी बाई राहत होती. तार म्हणे नाही, पाणी म्हणे आहे. मी कोणाचे ऐकावे? यंत्राने तारेचे ऐकावे, असा आमचा धर्म आहे. मी तो पाळला आणि नऊ हिवाळे मनातल्या मनात लाजत राहिलो.

दोशिकचा दूरध्वनी येई, तेव्हा ती स्वयंपाकघरात चुलीशेजारी उभी राहून ठणठणीत आवाजात बोले. "अरे, जमीन नुसती तापलीय! मी तर बाह्या वर करून बसलेय. तुझ्या त्या शहरातल्या घरात असशील तू गारठत!" आणि वर्षातून दोनदा, सणांच्या आदल्या दिवशी, ती खरोखरच मला पूर्ण जागे करी. मुले येत, पायमोजे काढीत, म्हणत, "आई, किती छान ऊब आहे तुझ्याकडे!" माझी स्तुती होई. त्या स्तुतीइतके दुःख मला दुसऱ्या कशाने झाले नाही. चार दिवसांनी मोटार वळणाआड गेली, की कळ पुन्हा खाली जाई.

शेजारची चोमन्ये तेवढी फसत नसे. ती तोंडाने फटकळ आणि मनाने सरळ.

"दोशिकच्या आई, तुझ्या घरात बसण्यापेक्षा मी हिवाळ्यासाठी मुळे पुरलेत ना, त्या खड्ड्यात जाऊन बसते. तिथे जास्त ऊब आहे."

"मग बस जा. मुळ्यांना तुझी सोबत होईल."

"थट्टा नको करूस. बोटं बघ, निळी पडलीत तुझी. पोराला सांगत का नाहीस?"

ओकबुनने चुलीवरचे झाकण उचलून पुन्हा ठेवले. मग म्हणाली, "त्याला कळलं, तर तो म्हणेल, आईला एकटीला राहता येत नाही. वरच्या आळीतल्या नामसूनला नेलं ना म्हाताऱ्यांच्या इस्पितळात? परत आली ती? एका पावसाळ्यात घराचं छप्पर बसलं तिच्या. मला या घरातून हलायचं नाही, चोमन्ये. तेल त्याच्या जिवावर जाळलं, तर तो हिशेबाने विचार करणार. मी काही मागितलंच नाही, तर तो कशाला विचार करील?"

तेव्हा मला सारे समजले. ती थंडी भोगत नव्हती. घराचे भाडे म्हणून ती थंडी भरत होती.

गेल्या सोल्लालच्या, म्हणजे नववर्षाच्या सणाच्या दोन दिवस आधी उत्तरेकडून फार कडक थंडी आली. मला जागे करायला ओकबुनने कळ दाबली. माझ्यात ठिणगी पडली, तेल आले, ज्योत उठली आणि माझ्या डोळ्याला ती दिसलीच नाही. नऊ वर्षांची काजळी त्याच्यावर चढली होती. शिवाय टाकी सदा अर्धी रिकामी राहिल्याने तळाला पाणी साचले होते, त्यामुळे ज्योतही रोगट होती. मी तेल थांबवले. पुन्हा पेटलो, पुन्हा थांबलो. तिसऱ्या वेळेनंतर भिंतीवरचा तांबडा दिवा लुकलुकू लागला.

तिने दुरुस्तीवाल्याला विचारले. तो म्हणाला, "आजी, सणानंतर पाचव्या दिवशी येतो." तिने दूरध्वनी ठेवला आणि ती स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. मुले यायला दोन दिवस होते.

पण बर्फाचा अंदाज ऐकून दोशिक आणि सून मिरान एक दिवस आधीच निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजले. मोजे घातलेले पाय जमिनीवर टेकले, आणि लगेच टाचा उचलल्या गेल्या.

"आई, ही जमीन बर्फ झालीय."

"आजच बिघडलाय रे. कालपर्यंत नुसती भट्टी होती."

मिरान स्वयंपाकघरात आली. तिला मोरीतल्या बादलीत गोठलेले पाणी दिसले आणि खुंटीवर घरात घालायचे दोन जाड कोट दिसले. कोटांची कोपरे झिजलेली होती. "हे एका दिवसात झिजलेले नाहीत," ती हळूच म्हणाली.

"किती दिवस, आई?" दोशिकने विचारले. आई कोटांच्या घड्या घालू लागली. "अगं किती दिवस? मी फोनवर विचारतो, तू भट्टी म्हणतेस! मी तिकडे सगळ्यांना सांगत फिरतो, माझी आई मजेत आहे म्हणून! बस्स. इन्छॉनजवळ एक चांगली जागा पाहून ठेवलीय मी. चोवीस तास गरम पाणी, परिचारिका, सगळं. सण झाला की आपण निघायचं."

"मी नाही निघणार."

"एकटीने मरायचंय तुला इथे?"

एवढे बोलून तो तरातरा बाहेर आला आणि नऊ वर्षांनी खोपटाचे दार उघडले. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाले भलतेच. त्याने पुन्हा चालू करायची कळ दाबली. मी पेटलो, विझलो. त्याने पुन्हा दाबली. दरवेळी न जळलेले थोडे तेल माझ्या उदरात साचत होते. ते एकदम भडकले असते, तर मी, तो आणि ती भिंत, यांचे काय झाले असते ते सांगवत नाही. ओरडून सांगायला मला वाचा नव्हती.

"थांब! हात काढ!" दारात ओकबुन उभी होती. "परत दाबशील तर फडक्याने मारीन. आत तेल साचतंय. तुझे बाबा म्हणायचे, तीनदा पेटला नाही, तर आधी त्याला विचारावं काय झालं ते."

"तुला काय कळतं गं यातलं?"

"तेरा वर्षं बॅटरी धरलीय मी. सरक."

ती आत आली. खिळ्यावरच्या हातमोज्यांकडे तिने एकदा पाहिले, मग ते काढून हातात चढवले. तिच्या हातांना ते फार मोठे होते. तिने वीज बंद केली. माझे दार उघडे ठेवून साचलेले तेल चिंध्यांनी टिपून काढले. धुराड्याचे सांधे डोळे बारीक करून पाहिले. टाकीच्या तळाची तोटी सोडली, तेव्हा प्रथम गढूळ पाणी आले, बराच वेळ आले, आणि मग तेल. पंपाचा दांडा तिने पेचकसाने इकडे तिकडे चाळवला. तो करकरला आणि सुटला. मग तिने माझा डोळा काढून पोराच्या नाकासमोर धरला.

"बघ. मोतीबिंदू झालाय."

दोशिक बॅटरी धरून उभा होता. तिने डोळा पुसला, फुंकर घातली, पुन्हा पुसला आणि जागी बसवला. नऊ वर्षांत प्रथमच मी कोणाचा तरी चेहरा इतक्या जवळून पाहिला. कळ दाबली गेली. ठिणगी पडली, ज्योत उठली, आणि मला ती दिसली! मी गरजलो. आत जाऊन तिने एकेका खोलीच्या तोटीतून नळ्यांत अडकलेली हवा काढली. फुरफुर थांबून धार सलग झाली, तशी मिरानने तोटी बंद केली.

जमीन तापायला दीड तास लागला. तेवढा वेळ तिघेही एका गोधडीत पाय घालून बसले होते, असे नंतर चोमन्येच्या बोलण्यातून कळले. स्वयंपाकघरात सणाच्या रश्श्यासाठी तांदळाच्या पिठाच्या चकत्या कापता कापता मिरान नवऱ्याला जे म्हणाली, ते मात्र मी स्वतः ऐकले.

"जिला यंत्राचा डोळा पुसता येतो, तिला तुम्ही कोणत्या इस्पितळात ठेवणार? यात चूक त्यांची नाही हो. आपण सांगून येतो, ही चूक आहे."

जाण्याच्या दिवशी दोशिक आईला म्हणाला, "राहा इथेच. पण मी येणार. न सांगता येणार."

"न सांगता चोर येतात."

"चोर जमिनीला हात लावून बघत नाहीत."

मोटार वळणाआड गेली. ओकबुन भिंतीवरच्या पेटीपुढे पुष्कळ वेळ उभी राहिली. तिचे बोट कळीपर्यंत गेले होते की नाही, मला ठाऊक नाही. तारेवरून आज्ञा मात्र काही आली नाही.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, काहीही सण नसताना तो आला. त्याने दारातच मोजे काढले. मी श्वास रोखला. जमीन फार गरम नव्हती, पण कोमट होती. त्याने जमिनीला हात लावून पाहिला. आईने उकडलेले बटाटे पुढे ठेवले, त्यांतले चार त्याने खाल्ले आणि तेथेच जमिनीवर आडवा होऊन तो झोपी गेला.

मित्रांनो, तुमच्या आजीच्या घरात बॉयलर नसेल. पण तिच्याकडेही सणापुरते काहीतरी पेटत असेल आणि तुम्ही गेल्यावर विझत असेल. म्हणून सणाला जाच, पण एखाद्या साध्या मंगळवारीही जा. काही न सांगता जा, आणि जमिनीला हात लावून पाहा. वर्षातून एकदा आमच्यासारख्यांचे दार उघडा, डोळा पुसा, साचलेले पाणी काढा, सांधे तपासा. हे काम मोठ्यांना सोबत घेऊनच करा. आमचे एकटेपण फारसे मनावर घेऊ नका. मी लोखंडाचा आहे, मला गार पडून राहणे सोसते. भिंतीपलीकडे जे बसले आहे, त्याला ते सोसत नाही.